स्वराज्य नंतर, आधी एक दरवाजा

प्रश्न : ताई, मी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला गेम डिझायनर व्हायचंय. कोडिंग बरं जमतं, चित्रकला यथातथा. वहीत पाच आयडिया लिहून ठेवल्यात. सगळ्यात मोठी म्हणजे अख्ख्या स्वराज्याचा ओपन वर्ल्ड (वाटेल तिथे फिरता येईल असा) गेम : तीस किल्ले, घोडेस्वारी, सगळं. पुण्यातला एक क्लास वर्षाच्या कोर्सचे साडेतीन लाख सांगतोय, 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणतोय. पप्पा कर्ज काढायला तयार आहेत. प्रवेश घेऊ का?
– एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : नको. म्हणजे डिझायनर हो, कर्ज नको. 'शंभर टक्के' ऐकलं की माझ्या कपाळावर आपोआप आठी पडते. त्या क्लासमध्ये जाऊन एवढंच म्हण, 'मागच्या बॅचच्या मुलांनी केलेले गेम मला इथेच बसून खेळायला द्या.' गेमऐवजी गुळगुळीत माहितीपत्रक हातात आलं, तर चहा पी आणि कऱ्हाडची एसटी पकड.

आता तुझ्या वहीबद्दल. आमच्या ऑफिसात चहा आणणाऱ्या काकांकडेही गेमच्या दोन आयडिया आहेत, आणि त्यातली एक माझ्या सगळ्या आयडियांपेक्षा बरी आहे. आयडियेचा पगार कुणालाच मिळत नाही. गेम डिझायनर असूनही माझा निम्मा दिवस एक्सेलमध्ये जातो. मध्यंतरी तीन दिवस मी एका उडीवर घालवले. पात्र कड्यावरून पुढे गेलं की खाली पडायला हवं, बरोबर? पण तसं केलं की खेळणारे भांडतात, 'मी बटण दाबलं होतं!' त्यांच्या मनाने त्यांनी ते वेळेवर दाबलेलंच असतं. म्हणून कडा संपल्यावरही क्षणभर उडी मारू द्यायची. याला आम्ही 'कोयोटी टाइम' म्हणतो. सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे पडद्यावर साठ चित्रं, धरल्या तर सहा फ्रेम म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. आमच्या गेममध्ये चार ठेवल्या की भांडण होई, दहा ठेवल्या की पात्र हवेत चालतंय असं दिसे. सहा की सात, यात माझे तीन दिवस गेले. हे वाचून कंटाळा आला असेल तर सरळ प्रोग्रॅमिंगकडे वळ. तिकडे नोकऱ्याही जास्त आहेत.

कंटाळा नाही आला? मग स्वराज्य बाजूला ठेव आणि फक्त रायगडाचा महादरवाजा घे. पाहिला असशीलच. खालून येताना तो दिसतच नाही, दोन बुरुजांच्या कुशीत लपलाय, आणि वाट वळून त्याच्यासमोर येते. हत्तीने धावत येऊन धडक द्यावी तर सरळ जागाच नाही. वर आलेला शत्रू दोन बुरुजांच्या माऱ्यात सापडतो. रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी केलंय ते लेव्हल डिझाइनच आहे : कुणाला काय, कधी दिसू द्यायचं आणि कुठे त्याचा वेग तोडायचा.

हा दरवाजा चौकटीच्या वहीत काढ. हल्लेखोर बारा चणे, किल्लेदार चार राजमे, एक फासा. कॉम्प्युटर उघडायचा नाही. नियम एका पानात लिही आणि ते पान चुलतभावाच्या हातात दे. मग तोंड बंद ठेव. हा शेवटचा भाग सगळ्यात अवघड. माझ्या पहिल्या नोकरीत आमचा गेम खेळायला एका सहकाऱ्याच्या मावशी आल्या होत्या. त्या पुन्हा पुन्हा चुकीच्या ठिकाणी बोट लावत होत्या. मी न राहवून म्हटलं, 'मावशी, तिथे नाही, वर!' मागे उभ्या असलेल्या सीनिअरने माझ्या खांद्यावर टकटक केली : 'गेमबरोबर तू पण डाउनलोड होणारेस का?' ते बटण आम्ही दुसऱ्या दिवशी खाली आणलं, मावशींचं बोट जात होतं तिथेच.

भाऊ कुठे अडला, कुठे फसवाफसवी करायला लागला, कुठे मोबाइल काढून बसला, ते टिपून ठेव. मग एकच आकडा बदल, चाराचे पाच राजमे कर, आणि परत खेळव. असे दहा डाव झाले की तीच गोष्ट गोडो या इंजिनात, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, कर. ते पूर्ण फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. पुढे युनिटी हे दुसरं इंजिन शिकून घे, आपल्याकडच्या मोबाइल गेमच्या स्टुडिओंत ते सर्रास विचारतात. चित्रकला यथातथा आहे ना? चौकोन-गोल चालतील. आम्हीही सुरुवातीला करड्या ठोकळ्यांवरच काम करतो.

असे तीन गेम पूर्ण कर. अर्धवट दहा नकोत. इच डॉट आयओ या गेम टाकायच्या वेबसाइटवर ब्राउझरमध्ये खेळता येतील असे टाक आणि प्रत्येकाखाली लिही, आधी काय होतं, काय बदललं, का. मुलाखत घेताना मी ते टिपण आधी वाचते, डिग्री नंतर बघते. दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस ग्लोबल गेम जॅम असतो, बहुतेक ठिकाणी 48 तासांत गेम करायचा. टीम नसली तरी जा, चित्र काढणारं कुणीतरी तिथेच भेटेल. पहिली नोकरी डिझायनरचीच हवी असा हट्ट धरू नकोस. टेस्टिंगमधून आलेले डिझायनर मला तरी जास्त भरवशाचे वाटतात, कारण त्यांनी दुसऱ्यांच्या चुका हजारदा खेळलेल्या असतात.

शिकायचंच असेल तर नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनच्या (एनआयडी) बंगळुरू कॅम्पसमध्ये डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, प्रवेश परीक्षेतून जावं लागतं. पात्रतेचे नियम आधी नीट वाच. आणि पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओचा 'राजी' (2020) हा गेम खेळून बघ. छोट्या टीमने काय काय केलं नाही, तेही बघ.

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे. गेम डिझाइन करणार म्हणतो. हे म्हणतात, सरकारने गेमच्या कंपन्या बंद केल्या, तो सगळा जुगारच. खरं काय?
– एक आई, ठाणे

उत्तर : ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा केला तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध. रमी, फँटसी क्रिकेट वगैरे. माझ्या ओळखीतल्या काहींच्या नोकऱ्या त्यात गेल्या, ते खरं आहे. पण पैसे न लावता खेळायचे गेम त्या बंदीत येत नाहीत. तेव्हा तुमच्या यजमानांचं अर्धं बरोबर आहे.

मुलाचं बघायचं असेल तर रविवारी लुडो काढा. 'सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर नाही' हा नियम रद्द करा आणि घरातले सगळे तीन डाव खेळा. मग त्याला विचारा, खेळाचं काय झालं? 'बोअर झाला' म्हणून तो उठून गेला तर दोन वर्षं काही ठरवू नका. चौथ्या डावाआधी तो स्वतःच नवा नियम सुचवायला लागला, तर मला परत पत्र टाका.