चित्रकारांवरची पुस्तकं करायची, पण पोट कशावर भरायचं?

(अकोल्याच्या एका आईचं पत्र आहे. मुलगी बारावी कॉमर्स झाली. स्वतः चित्रं फारशी काढत नाही, पण विस्मरणात गेलेले चित्रकार, लघुअनियतकालिकं (अनियमितपणे निघणारे छोटे साहित्यिक अंक) यांवर सचित्र पुस्तकं करायची म्हणते. वडील सीएचा फॉर्म आणून बसलेत. यात करिअर असतं का, असा प्रश्न आहे.)

ताई, नमस्कार.

असतं. पण अशा पुस्तकावर ज्याचं नाव छापलं जातं, त्याचं घर सहसा त्या पुस्तकावर चालत नाही, हे आधीच सांगते. कवी अरुण कोलटकर घ्या. लघुअनियतकालिकांच्या धामधुमीत ते होते, १९७६ साली तीन कवींबरोबर ‘क्लिअरिंग हाउस’ ही प्रकाशनसंस्था काढली, तिच्या पुस्तकांची मुखपृष्ठं केली. मिळकत मात्र जाहिरात क्षेत्रातल्या कामाची होती.

पैसा मिळतो तो पुस्तक घडवण्याच्या कामांना: मांडणी, संपादन, भाषांतर, चित्रसंशोधन. गॅलऱ्या, लिलाव करणाऱ्या कंपन्या, संग्रहालयं आणि चित्रकारांच्या नावाने चालणारे न्यास कॅटलॉग काढतात, त्यांना ही माणसं लागतात. त्यातही चित्रसंशोधन मराठीत जवळपास कुणी शिकून करत नाही, म्हणून माझा कल तिकडे आहे.

हे काम असतं कसं? समजा चित्रकार प्रभाकर बरव्यांचं एक चित्र पानभर छापायचंय. आधी ते आज कुणाकडे आहे हे शोधायचं. मग फोटो. नऊ बाय बारा इंचाच्या पानाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) निदान २७०० बाय ३६०० पिक्सेल हवेत, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो तिथे कुचकामी. खाली ओळ द्यायची: शीर्षक, साल, माध्यम, मापं (आधी उंची, मग रुंदी), संग्रह. आणि परवानगी. चित्र ज्याच्या भिंतीवर आहे त्याच्याकडे छापण्याचा हक्क असेलच असं नाही. लेखी करार झालेला नसेल तर तो सहसा चित्रकाराकडे, त्याच्यानंतर वारसांकडे राहतो, मृत्यूनंतर ६० वर्षं. बरवे १९९५ साली गेले, म्हणजे २०५५ अखेरपर्यंत वारसांना विचारायचं. एका पुस्तकात अशी शंभर-दीडशे चित्रं असू शकतात. त्या सगळ्या परवानग्यांचा हिशेब ठेवायला तुमच्या मुलीचं कॉमर्स कामाला येईल, हे तिच्या बाबांना जरूर सांगा.

(२०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात बरव्यांचं मोठं प्रदर्शन झालं. गाजलं काय, तर उद्घाटनाच्या भाषणात अमोल पालेकरांना अडवलं ते! चित्रं राहिली बाजूला.)

शिक्षणाचं थोडक्यात. हात डिझाइनमध्ये चालत असेल तर उपयोजित कलेची (अप्लाइड आर्टची) पदवी, मुंबईचं जेजे त्यासाठी आहेच. वाचन-लेखनाकडे ओढा असेल तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कला इतिहास पदवीपासून शिकता येतो. तिथे काम इंग्रजीत चालतं, तयारी आत्तापासून हवी. निव्वळ चित्रकार आवडतात म्हणून पेंटिंगला मात्र घालू नका. चार वर्षं फुकट जातील.

फॉर्म भरण्याआधी तिला एक फर्मा करू दे, म्हणजे सोळा पानांची पुस्तिका. विषय गावातलाच आहे. चित्रकार अंबादास खोब्रागडे अकोल्याचे. १९६३ साली ‘ग्रुप १८९०’ या चित्रकारांच्या गटाचं दिल्लीत जे एकमेव प्रदर्शन झालं, त्यात ते होते. पुढे ऑस्लोला स्थायिक झाले आणि २०१२ साली तिथेच गेले. अकोल्यात त्यांना ओळखणारं कुणी भेटतं का, जुन्या वाचनालयातल्या अंकांत काय सापडतं, हे तिने स्वतः फिरून शोधावं. मोबाइलवर बसून नको. चित्रं अभ्यासापुरती वापरावीत. पुस्तिका विकायची झाली तर वारसांची लेखी परवानगी आधी.

तीन-चार महिन्यांत पुस्तिका पुरी झाली तर प्रवेशाच्या वेळी पोर्टफोलिओत ठेवा. अर्ध्यात कंटाळली तर सीएचा फॉर्म आहेच. आणि छपाईचं कोटेशन आणायला बाबांनाच प्रेसवर पाठवा. कागद, प्लेटा, बाइंडिंगचे भाव त्यांच्याइतके नीट कुणी विचारणार नाही.