पहिलं पान काढून टाक

प्रिय बाय,

कवी बाकीबाब बोरकरांवरचा तुझा लेख वाचला. फाइल फोनवर नीट उघडत नव्हती म्हणून पुतण्याकडून प्रिंट काढून घेतली, बरंच झालं, पेन्सिलने खुणा करता आल्या. भाषा छान आहे गो तुझी. पण पहिल्या पानावर जन्म, गाव, शिक्षण, नोकरी, पुरस्कार असं सगळं येतं, दुसऱ्या पानापासून कविता सुरू होते आणि मग त्या माणसाची नि त्या कवितेची परत गाठच पडत नाही. शेवटी एक वाक्य टाकलंयस, 'तत्कालीन परिस्थितीचा प्रभाव त्यांच्या साहित्यावर दिसतो.' कुठे दिसतो? कुठल्या ओळीत? तेच तर लिहायचं होतं ना.

हे कळायला दहा पुस्तकं वाचण्यापेक्षा एकदा बोरीच्या पुलावर उभी रहा असं मी सांगेन. खाली झुआरी, अलीकडे फोंडा, पलीकडे सासष्टी. आज बसमधून दोन मिनिटांत पार होतो आपण, पण सोळाव्या शतकात ही नदी म्हणजे सरहद्द होती. सासष्टी पोर्तुगीजांकडे, फोंडा आदिलशाहीत. तिकडे देवळं पाडायला लागले तेव्हा लोक देव घेऊन इकडे आले, कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा, सगळी फोंड्यात आली ती तेव्हा. जे मागे राहिले आणि ख्रिस्ती झाले त्यांच्याकडून जुन्या पोथ्यापुराणं गेली. देव बदलला, पण कानाला जी ओवीची सवय होती ती कशी बदलणार?

आता फादर थॉमस स्टीफन्स बघ. हा इंग्रज माणूस. त्याच्या इंग्लंडमधे तेव्हा कॅथलिक असणंच धोक्याचं होतं, तो रोमला जाऊन जेझुइट पंथाचा पाद्री झाला आणि १५७९ मधे गोव्यात पोचला तो मरेपर्यंत इथेच, म्हणजे चाळीस वर्षं. स्वतःच्या देशात आपल्या धर्माची बंदी बघितलेला माणूस इथे आला तर इथे त्याच्याच धर्माच्या नावाने दुसऱ्यांवर बंदी चाललेली. या दोन गोष्टी त्याच्या मनात कधी समोरासमोर आल्या का, ते मला सांगता येणार नाही, त्याने तसं लिहून ठेवलेलं मी वाचलेलं नाही. पण त्याने काय केलं ते पुस्तकातच दिसतं. नव्या ख्रिस्ती लोकांनी मागणी केली की आम्हाला आमच्या भाषेत पुराण द्या, आणि त्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत लिहिली, जवळजवळ अकरा हजार ओव्या. काळाने लोकांच्या हातातून जे काढून घेतलं, त्याच आकाराचं पुस्तक त्याने त्यांना परत दिलं. परिस्थितीचा प्रभाव म्हणतात तो हा, आणि तो विषयात नाही, छंदात आहे!

अजून एक गोष्ट, मला तर ही सगळ्यात जास्त आवडते. ते पुराण १६१६ मधे रायतूरला, म्हणजे आताच्या राशोलला, छापलं ते रोमन लिपीत. का? तर देवनागरीचे छपाईचे खिळेच नव्हते. १६०८ मधे त्याने रोमला पत्र लिहून इथल्या लिपीत पुस्तकं छापायची इच्छा कळवली होती, त्यात अडचणही सांगितली होती की ही अक्षरं जोडून जोडून साचे सहाशेपर्यंत जातात. ते साचे काही झाले नाहीत. म्हणजे पुस्तकाचं रूप ठरवणारा काळ कधीकधी शिशाच्या खिळ्यांएवढा लहान असतो, आणि आपण मात्र युगधर्म वगैरे शब्द शोधत बसतो.

आता याच नदीच्या अलीकडच्या काठावर ये. बोरी, बाकीबाब बोरकरांचं गाव. जन्म ३० नोव्हेंबर १९१०. तू एवढंच लिहून पुढे गेलीस. त्याच्या दोन महिने आधी, ५ ऑक्टोबरला, पोर्तुगालमधे राजेशाही संपून प्रजासत्ताक आलं, इथल्या हिंदूंना कायद्याने बरोबरीचे हक्क मिळाले, शाळा वाढल्या, मराठी वर्तमानपत्रांना जोर आला. म्हणजे ती पिढी वाढली ती मोकळीक मिळालेल्या वर्षांत, आणि लिहायला लागली तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची सेन्सॉरशिप आली. शिवाय फोंडा पोर्तुगीजांकडे आला तो अठराव्या शतकात, म्हणून इथली देवळं राहिली, भजन राहिलं. बाकीबाब कविता वाचत नसत, गात असत. ती लय कुठून आली हे विचारलंस की तुला देवळातल्या टाळांपर्यंत जावंच लागेल.

पण इथेच सांभाळ. त्यांचा पहिला संग्रह 'प्रतिभा' १९३० चा, आणि पोर्तुगालने वसाहतींचा कडक कायदा केला तोही १९३०. साल जुळलं म्हणून गाठ मारू नकोस. मी मारली होती. पंचविशीत असताना एका भाषणात मी एका कवीची एक शोककविता त्याच्या घरातल्या मृत्यूशी जोडली, लोकांचे डोळे पाणावले, आणि कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ शांतपणे जवळ येऊन म्हणाले, ती कविता मृत्यूच्या आधी तीन वर्षं छापून आलेली आहे. मी घरी जाऊन मासिक काढून बघितलं. खरं होतं. तेव्हापासून आधी छापल्याची तारीख बघतो, मग बोलतो.

आमच्याकडे जुन्या ट्रंकेत आत्याच्या लग्नाची पत्रिका आहे, पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली. ती सेन्सॉरला दाखवून मग छापली होती, लग्नपत्रिकासुद्धा! मुहूर्त, वधूवरांची नावं, आणि 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'. यात काय तपासलं असेल त्या माणसाने? अशा दिवसांत एखादा कवी नदीवर, माडांवर, चांदण्यावर लिहितो तेव्हा तो पळ काढतोय असं चटकन लिहू नये. आणि प्रत्येक माड म्हणजे गुप्त झेंडा, असंही लिहू नये. बाकीबाबनी १९६१ मधे गोवा मुक्त झाल्यावरही निसर्गावर लिहिलंच की.

आणि एकच काळ दोघांना एकसारखं घडवत नाही. कथाकार महादेवशास्त्री जोशी १९०६ चे, सत्तरी तालुक्यातल्या आंबेड्याचे, जवळपास त्याच वयाचे. ते शिकायला बाहेर गेले आणि पुढे पुण्यात राहिले, गोव्याच्या कथा लिहिल्या त्या लांब बसून. १९५५ मधे त्यांच्या पत्नी सुधाताईंना म्हापशात सत्याग्रहात अटक झाली, त्या इथल्या तुरुंगात आणि हे तिकडे. गोव्यात असताना लिहिलेला गोवा आणि आठवून लिहिलेला गोवा वेगळा दिसतो का, एक कथा नि एक कविता शेजारी ठेवून बघ. तुझ्या लेखाचा अर्धा भाग मला तिथेच दिसतोय.

तर पहिलं पान काढून टाक. त्यातली माहिती फेकू नकोस, जिथे ओळीला तिची गरज पडेल तिथेच ती घाल. रविवारी सकाळी मडगावच्या बसने ये, बोरीला उतर, मी स्टॉपवर थांबतो. पत्रिका आणून दाखवतो. आणि छत्री आण, परवापासून पाऊस हलायचं नाव घेत नाहीये.

तुझे
सर