वडिलांची पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणताना

वडिलांची बरीच वर्षं उभी असलेली प्रीमियर पद्मिनी गाडी पुन्हा चालू करायची आहे, सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंत. ती भंगारात दिली नाहीत, हे वाचून बरं वाटलं. माझी पद्मिनी १९७८ ची. तिच्या मागच्या सीटवर झोपतच मी मोठा झालो, त्यामुळे तुमचं मन कळतं. पण म्हणूनच सांगतो, रंगकामाने सुरुवात करू नका. बहुतेक नवखे इथेच फसतात. वरून चकाकी येते आणि खाली पत्रा कुजत राहतो. आधी मॅट उचला, फ्लोअर आणि दरवाजाखालचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहा. आरपार गेला, तर पहिला खर्च तिथेच.

मग एवढंच:

- वर्षानुवर्षं उभी गाडी लगेच सेल्फ मारून बघू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, ऑइल बदला.
- पळण्याआधी थांबायला हवी. ब्रेकचे सिलिंडर, होज (ब्रेकच्या रबरी नळ्या) आणि टायर तपासा. टायरची नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं.
- आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. मुदत आजच बघा.

काढलेला एकही मूळ पार्ट फेकू नका. मी हबकॅप (चाकांच्या मधोमध बसणारी झाकणं) भंगारवाल्याला दिल्या, आणि मग जिथे या गाड्या बनल्या त्याच कुर्ल्यात तशाच हबकॅप शोधत फिरलो!

उन्हाळ्यात घाटात बंद पडली तर घाबरू नका. टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे ओढणारा, इंजिनजवळचा पंप तापलेला असतो. मिस्त्री त्याला एसी पंप म्हणतात. त्यावर ओलं फडकं ठेवा आणि तो थंड होईपर्यंत चहा घ्या. कार्बोरेटरचं, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचं, नंतर बोलू. आधी पत्र्याचे फोटो पाठवा.