हरणांसाठी पेरणी करू का?

प्रश्न : काका, माझा पुतण्या अमेरिकेत मिशिगनला असतो. तिकडे शिकारीच्या दिवसांत हरणं यावीत म्हणून मुद्दाम शेत पेरतात, तोही मित्रांबरोबर पेरतो. मे महिन्यात गावी आला तो क्लोव्हर आणि सलगमच्या बियांची चार पाकिटं घेऊन. म्हणाला, "काकू, वरच्या भरडावर रानाच्या कडेला हे पेर. सांबर-भेकर तिथंच चरतील, खालची नाचणी वाचेल. आणि एखादं समोर आलंच तर घरात ठासणीची बंदूक आहे." नाचणी तर दर वर्षी जातेच आहे. पेरू का?
– एक वाचक भगिनी, राजापूर तालुका

उत्तर : ताई, बंदुकीचं आधी सांगतो. ती तुमच्याकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यावर असणार. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करता, तीच. जनावर हुसकायला आवाज काढणं वेगळं आणि सांबर लोळवणं वेगळं. 1972 च्या वन्यजीव कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या वाचली तर त्यात सापळा लावणं, हाका घालून जनावर पुढ्यात हाकणं आणि आमिष दाखवणंही आहे. तसा प्रयत्न करणंसुद्धा आहे. म्हणजे मारायच्या हेतूनं पेरलंत तर बार काढायच्या आधीच गुन्हा होतो. डुकरालाही वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नाही. जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं ते फणसाडसुद्धा 1986 पासून अभयारण्य आहे.

पुतण्या खोटं बोलत नाही, एवढं मात्र खरं. तिकडची रीत तशीच आहे. तिकडचं हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचं, आणि मिशिगनात बंदुकीचा हंगाम 15 ते 30 नोव्हेंबर. त्याच्या हिशेबानं आधी माती तपासतात, चुना घालून आम्लता कमी करतात, मग ऑगस्टात सलगम आणि ओट पेरतात. क्लोव्हर हे आपल्या बरसीम चाऱ्याचं भावंड. एकदा लागलं की तीन-चार वर्षं टिकतं. सलगमचा पाला थंडी पडून दहिवर गोठलं की गोडावतो, मग हरणं त्यावर तुटून पडतात. शिकारी जवळच मचाणावर बसलेला असतो.

गंमत अशी की त्याच राज्याच्या दक्षिण भागात मक्याची रास ओतून हरणं बोलवायला 2019 पासून बंदी आली. एका राशीत दहा तोंडं गेली की लाळेतून हरणांना झिजवून मारणारा रोग पसरतो, म्हणून. उभं पेरलेलं पीक मात्र आमिष धरत नाहीत. कायद्याची अशी बारीक कातर तिकडेही आहेच.

आता आपलं बघू. तिथला माणूस हरीण यावं म्हणून पेरतो आणि आपण पेरलं की हरीण येतंच. त्यासाठी वेगळी पाकिटं कशाला? तुमची नाचणी हेच त्यांचं ताट आहे.

"वरचं खाऊन खालचं सोडतील" हा बेत मी स्वतः करून पाहिला आहे. कृषी सहायकाची नोकरी होती, तेव्हा शहाणपणही भरपूर होतं. भात कापल्यावर वरच्या तुकड्यात चवळी टाकली, खालच्या कुणग्यात कुळीथ. भेकराची जोडी यायची. संध्याकाळी कुत्र्यासारखी भुंकायची, शेंडे खुडायची आणि निघून जायची. मी बायकोला म्हटलं, बघ, कसं जमलं! पौषात चवळीला शेंगा भरल्या आणि डुकरं आली. भेकर शेंडा खुडतं, डुक्कर जमीन नांगरतं. चार रात्रींत वरचं संपलं. पाचव्या रात्री तीच वाट धरून ती खाली उतरली, कुळथात. वाट मीच दाखवली होती. बायको अजून कुळथाचं पिठलं वाढताना ते काढते.

तेव्हा वरचा तुकडा पेरू नका. नाचणीभोवती सौर कुंपण घालायचं तर खालची तार जमिनीपासून वीतभर ठेवा, नाहीतर डुक्कर खालून शिरतं. आणि सांबर छातीएवढी उंची सहज उडी मारून पार करतं, म्हणून वर तारा हव्यातच. श्रावणात गवत तारेला टेकलं की झटका मातीत जातो आणि कुंपण नुसतं नावाला उरतं. दर आठवड्याला कोयता फिरवा. घरच्या विजेची तार जोडायचा विचार मात्र कुणी केला तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्यात जनावराआधी माणूस मरतो. रानाच्या कडेचा पट्टा हळदीला द्या, हळदीला ही जनावरं सहसा तोंड लावत नाहीत.

पुतण्याची एक युक्ती मात्र घ्या. तिकडे ते पेरलेल्या जागेत जाळीचं छोटं कडं उभं करतात. आतलं कुणी खात नाही, बाहेरचं खातात. मग किती खाल्लं ते समोर दिसतं. तुम्ही नाचणीत तीन फूट रुंदीचं, चार फूट उंचीचं असं एक कडं पुनर्लागणीच्या दिवशीच उभं करा. भरपाईच्या पंचनाम्याला वनखात्याचा माणूस आला की आतली आणि बाहेरची नाचणी शेजारी शेजारी दाखवता येते. तक्रार मात्र नुकसानीपासून तीन दिवसांच्या आत वनरक्षकाकडे द्या, सोबत सातबारा. आमच्या शेजारच्या वाडीत एकानं गणपती होऊ देत म्हणून थांबून भरपाई घालवली.

पुतण्याला जनावर नुसतं पाहायचंच असेल तर वरच्या भरडावरचा आवळा आणि उंबर तोडू नका. आवळे खाली पडू लागले की सांबर आपण होऊन येतं. चांदण्यात गडग्याआड गुपचूप बसायला सांगा, मोबाईल बंद ठेवून.

राहिली पाकिटं. परदेशातलं बी आणायला परवाना आणि तिकडच्या सरकारचा पीक-आरोग्याचा दाखला लागतो, ते त्याला विमानतळावर कुणी विचारलेलं दिसत नाही. आपल्या जांभ्या मातीत आणि आषाढाच्या पावसात क्लोव्हर कुजेल, तरी एखादं तण किंवा कीड मागे राहायची. पाकिटं न फोडता चुलीत घाला.