धादिंगला निघण्याआधी

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावात सलाम.

रविवारी उपासना सुटल्यावर तू अंगणात धावत आलास आणि म्हणालास, "मावशी, आमचं नेपाळचं ठरलं!" आजूबाजूला गर्दी होती, पाळकसाहेब शेजारीच उभे होते, म्हणून मी नुसती तुझी पाठ थोपटली. मनात बरंच होतं. उभ्या उभ्या बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले आहे.

तू पाठवलेला कार्यक्रम मी दोनदा वाचला. तरुण संघाचे चौदा जण, नोव्हेंबरात बारा दिवस, धादिंग जिल्ह्यातलं डोंगरावरचं गाव. मुलांसाठी गाणी आणि नाटुकली, एक वैद्यकीय शिबिर, घरभेटी, बालगृहाला भेट, शेवटच्या संध्याकाळी सुवार्ता सभा. सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत एकही तास मोकळा नाही. तुम्ही किती जीव ओतून हे केलंय ते दिसतं. पण यातलं काय काय तिथल्या मंडळीने मागितलंय, ते कुठेच दिसलं नाही.

हे मी का विचारते ते सांगते. असे पाहुणे ज्यांच्याकडे येतात, त्यांच्यात मी वाढले.

मी बोर्डिंगची मुलगी. आमच्याकडे दर जानेवारीत परदेशातून तरुण मंडळी यायची, आठ-दहा दिवसांसाठी. शेवटच्या दिवशी त्यांच्यातले एक जण उभे राहून विचारायचे, प्रभूला हृदय कोण देणार, हात वर करा. मी सलग चार वर्षं हात वर केला. ते खोटं नव्हतं रे, दर वेळी अगदी मनापासून केला. पण तो हात चार वेळा मोजला गेला आणि चार वेळा कुठल्या तरी दूरच्या चर्चमध्ये आनंदाने वाचून दाखवला गेला असणार. त्यातल्या एका ताईने मला स्वतःचा पत्ता लिहून दिला होता, पत्र पाठव म्हणाली होती. मी तीन पत्रं पाठवली. तेव्हा मी दहा वर्षांची होते. पोस्टमनची सायकल दिसली की फाटकाशी पळायचे. उत्तर आलं नाही. त्या ताईवर माझा राग नाही, तीही विशीतलीच पोर होती. निघताना सगळ्यांचे डोळे भरले होते आणि भरल्या डोळ्यांनी ती जे बोलली, ते तिला खरंच वाटत होतं. म्हणून तुला सांगते, निघायच्या दिवशी कुठल्याही लेकराला "मी परत येईन" म्हणू नकोस. यायचं असेल तर ये, पण आधी बोलू नकोस.

पुढे नर्स झाल्यावर मी अशाच पाहुण्यांच्या शिबिरांत दुभाषी म्हणून जाऊ लागले. एका वर्षी खेड्यातल्या शिबिरात साठीच्या एका आजींचं ब्लडप्रेशर बरंच जास्त निघालं. पाहुण्या डॉक्टरांनी तीस गोळ्या दिल्या. "रोज सकाळी एक, चुकवायची नाही," हे मीच मराठीत सांगितलं. दोन महिन्यांनी बाजारात आजी भेटल्या. मोठ्या कौतुकाने त्यांनी पदराची गाठ सोडून दाखवली. पाकिटाची चांदी घामाने काळी पडलेली आणि आत अजून अकरा गोळ्या शिल्लक. "साहेबांचं औषध लई भारी, म्हणून पुरवून पुरवून खाते. डोकं दुखलं की घेते," म्हणाल्या. तीच गोळी दोन कोसांवरच्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळत होती. तीस गोळ्या संपल्यावर कुठे जायचं, हे त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही. मी तर इथलीच होते. ती चूक माझी.

तुमच्या शिबिराबद्दल माझं एवढंच म्हणणं आहे. नेपाळात गावोगावी सरकारी स्वास्थ्य चौकी असते आणि आपल्या आशाताईंसारख्या महिला स्वास्थ्य स्वयंसेविका असतात. त्यांना विचारल्याशिवाय एक गोळीही वाटू नका. त्यांनी "नको" म्हटलं तर शिबिर रद्द करा. बॅगेतली औषधं परत आणायला लाज वाटू देऊ नका.

आता कायद्याचं. हे संघातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

नेपाळ आता हिंदू राष्ट्र नाही, धर्मनिरपेक्ष आहे, असं तुमच्यातलं कुणीतरी त्या दिवशी म्हणालं. ते खरंच आहे. पण 2015 च्या त्यांच्या संविधानातलं कलम 26 दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई करतं. 2018 च्या ऑगस्टपासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत कलम 158 आहे. धर्मांतर करवलं किंवा तसा प्रयत्न केला, तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. आणि भारतीय तिथे परदेशीच आहेत, सीमेवर सोनौलीच्या नाक्यावर व्हिसा लागत नसला तरी.

पण मला काळजी तुमची नाही. तुमच्यावर बालंट आलं तर दूतावास आहे, इथे मंडळी आहे, आरडाओरडा करायला आम्ही आहोत. काळजी आहे ती ज्यांच्या दारात तुमच्या चपला उतरणार आहेत, त्या पास्टरांची. 2021 साली डोल्पाच्या जिल्हा न्यायालयाने एका नेपाळी पास्टरांना याच कायद्याखाली दोन वर्षांची शिक्षा सुनावली होती. तुम्ही चौकात गिटार वाजवून सभा घ्याल, व्हिडिओ टाकाल, तेराव्या दिवशी गोरखपूरच्या गाडीत बसाल. चौदाव्या दिवशी पोलीस कुणाचं दार ठोठावतील?

म्हणून शेवटच्या संध्याकाळची सुवार्ता सभा काढून टाका. हे लिहिताना माझा हात जड झाला आहे, कारण साक्ष देण्याची तुझी तळमळ मला माहीत आहे. तुझ्या बाप्तिस्म्याला मी पहिल्या बाकावर होते. प्रभूचं नाव लपव असं मी तुला कधीच सांगणार नाही. कुणी विचारलं, "तुम्ही कोण, इथे का आलात?" तर खरं सांग. मंडळीच्या उपासनेत पास्टरांनी बोलायला उभं केलं तर बोल. पण त्या गावात कुणी, कधी, कुणाशी काय बोलायचं हे तिथे राहणाऱ्यांनी ठरवायचं. किंमत तेच मोजतात.

आणि त्यांनी ती कशी मोजली आहे, ते वाचून जा. गंगाप्रसाद प्रधान मूळचे काठमांडूचे, दार्जिलिंगला पाळक झाले. नेपाळी बायबलवर त्यांनी कितीतरी वर्षं घालवली आणि 1914 मध्ये ते पूर्ण छापून झालं. त्याच वर्षी ते कुटुंबकबिला घेऊन मायदेशी गेले, तर तिथे तेव्हा सत्तेवर असलेल्या राणा घराण्याच्या सरकारने त्यांना परत धाडलं. पुढे 1990 पर्यंत धर्म बदलला म्हणून माणसं तुरुंगात जात. आणि तरी 2021 च्या जनगणनेत तिथले ख्रिस्ती पाच लाखांवर आहेत. हे बारा दिवसांच्या पाहुण्यांनी झालेलं नाही. आपण त्यांना काही शिकवायला निघालो आहोत, असं ज्याला वाटत असेल त्याने हे दोनदा वाचावं.

आपल्या महाराष्ट्राचाही एक धागा त्यात आहे, तो तुला आवडेल. मसुरीला शिकवणारे रॉबर्ट फ्लेमिंग पक्ष्यांचा अभ्यास करायला 1949 मध्ये नेपाळात गेले. पुढे तिथल्या तानसेन नावाच्या गावी आजारी माणसांची रीघ लागलेली पाहून दवाखान्याची गोष्ट निघाली. सरकारने परवानगी दिली, पण धर्मप्रसार करायचा नाही या अटीवर. ती अट मान्य करून वेगवेगळ्या पंथांच्या मिशनांनी मार्च 1954 मध्ये नागपुरात बसून 'युनायटेड मिशन टू नेपाळ' स्थापन केलं. काठमांडूजवळच्या पाटणचं शांता भवन इस्पितळ, तानसेनचं इस्पितळ, शाळा, वीज प्रकल्प, सगळं त्या अटीखाली झालं. माणसं वीस-वीस, तीस-तीस वर्षं राहिली.

तुम्ही तीस वर्षं राहू शकत नाही, हे मला कळतं. मग बारा दिवसांत काय करायचं? माझ्याकडे त्याचं एकच उत्तर आहे, तेही मी धादिंगच्या शेजारच्या गोरखा जिल्ह्यात शिकले.

2015 च्या मोठ्या भूकंपानंतर दीड वर्षाने, 2016 च्या नोव्हेंबरात, आपल्याकडून आम्ही नऊ जण गेलो होतो. आमच्याकडेही कार्यक्रमाचा कागद होता. पोहोचलो त्या रात्री गुरुआमा, म्हणजे पास्टरांच्या बाई, त्यांना तिकडे गुरुआमाच म्हणतात, तो कागद चुलीच्या उजेडात वाचत बसल्या. लिपी आपलीच, त्यामुळे त्यांनी अक्षरं लावत बरंचसं वाचलं. मग घडी घालून मला परत दिला आणि हळूच विचारलं, "कोदो काट्न आउँछ?" मला अर्थ लागेना. त्यांनी कोपऱ्यातल्या सुपातून एक कणीस उचलून माझ्या हातावर ठेवलं. मूठ मिटल्यासारखी चार-पाच बोटं आत वळलेली, तांबूस दाणे. नाचणी! ती कापता येते का, असं त्या विचारत होत्या. आमच्यातल्या अकोले तालुक्यातल्या दोघीजणी तर खुदकन हसल्याच. त्यांचं बालपण नाचणीच्या शेतात गेलेलं.

गावातली तरुण माणसं आखातात आणि मलेशियात कामाला. म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या बायका तेवढ्या मागे. पीक उभं. आम्ही सात दिवस कोदो कापला. विळा तिथला आपल्यापेक्षा जरा वेगळ्या वळणाचा, पहिल्या दिवशी माझं बोट कापलं. दुपारी बांधावर बसून ढिँडो खायचा, आपल्या नाचणीच्या घट्ट उकडीसारखा, गुंद्रुकच्या, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पालेभाजीच्या, आंबट रश्शात बुडवून. कार्यक्रमासाठी नेलेली बाहुल्यांची पेटी शेवटपर्यंत उघडली नाही.

आणि तिथे, कणसं खुडता खुडता, गुरुआमांनी तो शनिवार सांगितला. नेपाळात सुट्टी शनिवारची, म्हणून मंडळी शनिवारी भरते. 25 एप्रिल 2015 हा शनिवार होता आणि धक्का बसला दुपारी बाराला चार मिनिटं कमी असताना. लोक उपासनेत, मांडी घालून जमिनीवर बसलेले. दगड-मातीच्या भिंती आत कोसळल्या. भूकंपाचं केंद्र त्याच जिल्ह्यात बारपाकजवळ होतं. त्या बोलत होत्या पण हात थांबत नव्हते. कणीस खुडायचं, डोक्याला अडकवलेल्या डोक्यात टाकायचं. हो, त्या बांबूच्या टोपलीला तिकडे 'डोको' म्हणतात. त्यांची नणंद त्या भिंतीखाली गेली. आम्ही सभा घेतली असती तर त्या आमच्यासाठी चहा करत बसल्या असत्या आणि हे मला कधीच कळलं नसतं.

लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू सत्तर जणांना गावोगाव पाठवतो, ते परत एकदा वाच. थैली नको, झोळी नको, ज्या घरी उतराल तिथेच राहा, पुढे वाढतील ते खा. देणारे म्हणून पाठवलंच नाही त्यांना. दुसऱ्याच्या भाकरीवर अवलंबून राहायला पाठवलं.

बालगृहाची भेटही गाळा. भूकंपानंतर पाहुण्यांच्या देणग्यांवर डोळा ठेवून गावातून मुलं उचलून 'अनाथालयां'त ठेवण्याचे प्रकार झाले. तिथल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, असं युनिसेफ सांगत आली आहे. चौदा अनोळखी माणसांनी येऊन मांडीवर घ्यायचं आणि दोन तासांत निघून जायचं, हे त्या लेकरांना पुन्हा पुन्हा भोगावं लागतं. मुलांचे फोटो काढू नका. गावाचं नाव आणि पास्टरांचा चेहरा फेसबुकवर नको, आल्यावरही नको.

बोलण्याचं म्हणशील तर सगळ्यांना 'तपाईं', म्हणजे 'तुम्ही', म्हण, लहानांनासुद्धा. ताटात भात वाढत राहतील, पोट भरलं की 'पुग्यो', म्हणजे 'पुरे', म्हण. "नेपाळ म्हणजे आपलंच की!" हे चुकूनही बोलू नकोस. भूकंपाच्या त्याच वर्षी सीमेवर नाकेबंदी झाली, कितीतरी महिने पेट्रोल आणि गॅस मिळेना. लोकांनी थंडीत लाकडं जाळून दिवस काढले आणि त्यांच्या मनात ते भारताच्या नावावर आहे. कुणी बोललं तर वाद घालू नकोस, ऐकून घे. आणि जाण्याआधी तुमच्या सोसायटीच्या गेटवरच्या नेपाळी दाजूंना, म्हणजे दादांना, त्यांचं नाव विचार. सहा वर्षं सगळे त्यांना 'बहादूर' म्हणतात. त्यांचं गाव कुठलं, घरी कोण आहे, हेही विचार.

पैशांचं पाळकसाहेबांशी मी बोलते. जे द्यायचं ते मंडळीच्या हाती, हिशेबाने. वाटेत कुणाला परस्पर नोटा देणं नको. कागदपत्रांत पासपोर्ट किंवा मतदार कार्ड घ्या, आधारवर विसंबू नका.

आता पहिलं काम. तो कार्यक्रम बाजूला ठेव आणि धादिंगच्या पास्टरांना फोन लाव. हिंदी त्यांना येत असेल, तरी सावकाश बोल. विचार, नोव्हेंबरात तुमच्याकडे काय काम असतं? आम्ही चौदा जण जास्त होतो का, सात आलो तर बरं पडेल का? आणि ते "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाले, तर ते पाहुण्याचं मन राखणं आहे असं समजून दोन दिवसांनी पुन्हा विचार, जमलं तर गुरुआमांना विचार. त्यांचं घड्याळ आपल्या पंधरा मिनिटं पुढे असतं. शनिवारी सकाळी करू नकोस, ते उपासनेत असतील.

काय म्हणाले ते मला येऊन सांग. विळे न्यायचे असतील तर माझ्याकडे चार आहेत, धार लावून ठेवते.

तुझी,
मावशी