नायकाचा पैसा कुठे चालत नाही

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या परीक्षणाचा कच्चा खर्डा वाचला. केव्हिन क्वान यांची ‘क्रेझी रिच एशियन्स’ ही २०१३ सालची कादंबरी वाचनगटाने निवडली म्हणून नाइलाजाने हातात घेतलीस, गडगंज श्रीमंत नायक म्हटल्यावर नाक मुरडलेस, आणि मग ती खाली ठेववेना, हे तू मोकळेपणाने लिहिले आहेस. मात्र त्यानंतरचे पानभर तू पुस्तक आवडल्याबद्दल माफी मागण्यात घालवले आहेस. ‘विरंगुळा म्हणून ठीक’, ‘डोके बाजूला ठेवून वाचावी’ ही वाक्ये मी पेन्सिलीने खोडली आहेत. ज्या पुस्तकाने तुला रात्रभर जागवले ते डोके बाजूला ठेवून वाचले होते, यावर निदान माझा विश्वास नाही.

तुझा मूळ आक्षेप मात्र खोडू नकोस, कारण तो रास्त आहे. श्रीमंत नायकाच्या प्रेमकथेत पैसा लेखकाची सगळी कामे परस्पर उरकून टाकतो. गैरसमज झाला की हिऱ्याचा हार येतो, अंतर पडले की खासगी विमान येते, आणि नायिकेचे मन नेमके कशाने वळले हे दाखवण्याचे कष्ट कोणीच घेत नाही. अशी पुस्तके ढिगाने आहेत आणि त्यांचा कंटाळा येणे हे चांगल्या वाचकाचे लक्षण आहे. म्हणून या जातीची कादंबरी हातात आली की मी तिला एकच प्रश्न विचारतो: इथे नायकाचा पैसा कुठे चालतो आणि कुठे चालत नाही? तूही परीक्षण लिहिण्यापूर्वी पुस्तक एकदा या प्रश्नासाठी चाळ, आणि जिथे जिथे पैसा कामी येतो किंवा निकामी ठरतो तिथे समासात खूण कर.

पहिली खूण अगदी सुरुवातीलाच होईल. १९८६ सालचे लंडन. पावसात भिजलेले एक चिनी कुटुंब आरक्षण असूनही हॉटेलातून वाटेला लावले जाते, आणि थोड्याच वेळात ते हॉटेलच त्या कुटुंबाने विकत घेतल्याचे उघड होते. वाचकाला गुदगुल्या होतात. अपमान झाला, पैसा टाकला, अपमान फिटला. तू या प्रसंगाला ‘मजेशीर सुरुवात’ एवढेच म्हटले आहेस. माझ्या मते लेखकाने इथे एक हिशेब मांडला आहे आणि पुढची सगळी कादंबरी तो हिशेब चुकीचा ठरवण्यात खर्च केली आहे.

न्यूयॉर्कमध्ये अर्थशास्त्र शिकवणारी नायिका रेचल आणि इतिहास शिकवणारा तिचा प्रियकर, नायक निक, मित्राच्या लग्नासाठी सिंगापूरला जातात, तोवर निकने घरच्या संपत्तीबद्दल तिला अवाक्षर सांगितलेले नसते. त्याला हे मौन सभ्यपणाचे वाटते. प्रत्यक्षात तो तिला नि:शस्त्र रणांगणात नेऊन सोडतो. नवरीच्या मैत्रिणींची सहल आठव. बेटावरचे आलिशान रिसॉर्ट, कशाला काही कमी नाही, आणि रेचल खोलीत परतते तर बिछान्यावर चिरलेला मासा आणि रक्ताने लिहिलेली शिवी. पुस्तकातल्या सर्वांत महागड्या जागांपैकी ही एक, आणि तिथेच सर्वांत हलकट वागणूक. निकची सारी इस्टेट त्या खोलीतला वास घालवू शकत नाही. पुढे त्याची आई पैसे मोजून रेचलच्या जन्माची माहिती खणून काढते. म्हणजे घराण्याची श्रीमंती आता प्रेमाच्या थेट विरोधात उभी राहते. शेवटी निकला सुचते ते इतकेच, की रेचलच्या आईला सिंगापूरला आणावे आणि तिने स्वत: लेकीला खरे काय ते सांगावे. विमानाच्या त्या तिकिटाला पैसे पडलेच असतील, पण एखाद्या शाळामास्तरानेही ते कर्ज काढून काढले असते.

अ‍ॅस्ट्रिडवर तू दोन ओळी लिहिल्या आहेस. तिला निदान दोन परिच्छेद दे. ती निकची चुलत-आते-मामे कोण लागते हा घोळ जाऊ दे. महत्त्वाचे हे की इथे पैसा बाईकडे आहे आणि नवरा बेताच्या घरातला आहे. पॅरिसमध्ये उंची कपडे घेणारी ही बाई घरी मात्र त्याला कमीपणा वाटू नये म्हणून सदैव जपून असते. आणि तो? सासरच्या दबदब्याखाली इतका घुसमटतो की तिने आपल्याला सोडावे म्हणून परस्त्रीशी संबंध असल्याचे सोंग करतो. नायक-नायिकेची बाजू पालटली की श्रीमंतीचे आकर्षण कसे गळून पडते, हे या उपकथानकात जितके स्पष्ट दिसते तितके मुख्य कथेत दिसत नाही. माझ्या मते कादंबरीतला हा सर्वांत सकस भाग आहे.

आता थोडे हावरटपणाबद्दल. लग्नघरी रुखवत पाहायला आपण वाकून वाकून जातो, तसेच तू या पुस्तकातले वाडे, पोशाख आणि जेवणावळी पाहिल्या असशील. तसे लिही, त्यात लाज कसली? लेखकही त्या थाटावर लट्टू आहे आणि तळटीपांमधून त्याच थाटाची टिंगलही करतो. त्या तळटीपांचा उल्लेख तुझ्या खर्ड्यात मुळीच नाही. शिवाय ही कुतूहलाची परंपरा जुनी आहे. जेन ऑस्टेनच्या १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये नायक डार्सी नाचाच्या दिवाणखान्यात शिरल्यावर पाच मिनिटांत त्याच्या वार्षिक दहा हजार पौंडांची कुजबुज सुरू होते. त्याच्या लग्नाच्या पहिल्या मागणीला त्या पौंडांचा काडीचा उपयोग होत नाही, आणि पुढे पैसा उपयोगी पडतो तो त्याने नायिका एलिझाबेथच्या बहिणीसाठी गुपचूप खर्च केल्यावर. ते पुस्तक आवडले म्हणून कोणी परीक्षणात क्षमायाचना करत नाही.

उरला तुझा दुसरा आक्षेप, नोकरचाकरांना पुस्तकात आवाजच नाही हा. तो ‘वर्गीय जाणिवेचा अभाव’ अशा घाऊक शब्दांत लिहू नकोस. सिंगापुरात सुमारे चतुर्थांश लोक चिनी वंशाचे नाहीत आणि तमिळ ही तिथल्या चार अधिकृत भाषांपैकी एक आहे; निकच्या आजीच्या वाड्यावर मात्र गुरखे पहारा देतात आणि त्यांच्यापैकी कोणाच्या मनात काय चालले आहे हे आपल्याला कळत नाही. एवढे एक उदाहरण दिलेस तरी मुद्दा पोहोचेल. पुस्तक आवडले म्हणून हा परिच्छेद मऊ करू नकोस, आणि हा परिच्छेद लिहिला म्हणून आवडल्याचे नाकारूही नकोस.

एक दुरुस्ती तातडीची आहे. रेचल आणि निकची आई माहजाँग हा चिनी सोंगट्यांचा खेळ खेळतात तो प्रसंग २०१८ च्या चित्रपटातला आहे, कादंबरीत तो नाही. तसेच चित्रपट विमानातल्या मागणीपर्यंत जातो, कादंबरी लग्न ठरवल्याशिवाय थांबते. या दोन ठिकाणी तुझी सरमिसळ झाली आहे. शेवटची पाने पुन्हा वाचून तो परिच्छेद नव्याने लिही आणि मग खर्डा माझ्याकडे पाठव.

तुझा हितचिंतक