आमच्या वस्तीच्या वर एकाचं खाजगी मातीचं धरण आहे, त्याच्या सुरक्षेची तपासणी कोण करतं?

कोणीच करत नाही. हे झालं उत्तर, बाकीचं वाचायचं तर वाचा.

तुम्ही लिहिलंय की बांध वीस-पंचवीस फुटी आहे, मालक पुण्याला असतो, आणि पावसाळ्यात रात्री झोप लागत नाही. तो पुण्याला राहणारा मालक म्हणजे मीच. तुमचा नव्हे, पण आमच्या खालच्या वस्तीवरचे लोक माझ्याबद्दल अगदी हेच सांगत असणार, म्हणून प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही.

आमचा बांध ७२ च्या दुष्काळानंतरचा, १९७३ च्या उन्हाळ्यात घातलेला. गावातली निम्मी माणसं खडी फोडायला जात होती, आजोबांनी त्यातलीच काही हाताशी धरली आणि स्वतःच्या रानातल्या ओढ्यावर भराव घातला. पाया मुरमापर्यंत खोदलेला, पोटात काळी माती, वरून मुरूम, पाण्याच्या अंगाला दगडाचं पिचिंग (अस्तर), आणि दाबायला बैलांचा दगडी रूळ. इंजिनीअर कोणी नव्हता, पाटबंधारे खात्यात मुकादम असलेले एक तात्या होते, ते म्हणतील तसं. उंची सात मीटर, लांबी एकशे दहा, डाव्या हाताला मुरमात खोदलेला सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट. साठा पंचेचाळीस हजार घनमीटर, म्हणजे साडेचार कोटी लिटर. एवढा आकडा डोळ्यापुढे येत नाही, तेव्हा दहा हजार लिटरचे साडेचार हजार टँकर एकाच वेळी उलटले असं समजा. खाली पाच घरं आणि एक गोठा.

आजोबा होते तोवर काळजी नव्हती. दर जूनआधी ते स्वतः बांधावरून चालायचे, घुशीची बिळं बुजवायचे, बाभळीचं रोप वीतभर झालं की उपटायचे. त्यांच्यानंतर जमीन वाटली गेली, बांध सामाईक राहिला, आणि सामाईक म्हणजे कोणाचाच नाही हे तुम्हाला मी काय सांगायचं.

मग २०१६ च्या आसपास दादाने (चुलत भाऊ) कृषी पर्यटन काढलं. हुरडा, चुलीवरचं मटण, आणि बोटिंग. बोटिंगला दिवाळीनंतरही पाणी हवं, म्हणून गड्याने सांडव्यावर दोन फूट विटांची भिंत बांधली. सांडवा आणि बांधाचा माथा यात चार फुटांचं अंतर होतं ते दोनच राहिलं. दादाचं म्हणणं, अजून दोन फूट आहेत की! मी बँकेत आयुष्य काढलेली बाई, मलाही तेव्हा ते पटलं होतं. नंतर कळलं की सांडव्याचा हिशोब असा सरळ चालत नाही, वरच्या पाण्याची उंची निम्मी केली तर बाहेर पडणारं पाणी निम्मं होत नाही, एक तृतीयांशाच्या जवळपास येतं. शिवाय पंचेचाळीसेक वर्षांत भराव मधोमध दबून फूटभर खाली बसलेला, म्हणजे दोन फूटही कागदावरच.

२५ सप्टेंबर २०१९. पुणेकरांना आंबील ओढ्याच्या पुराची ती रात्र आठवत असेल. त्याच रात्री आमच्या बाजूलाही, कऱ्हेच्या खोऱ्यात, ढग फुटल्यासारखा पाऊस. सर्वपित्री तीन दिवसांवर म्हणून मी योगायोगाने गावीच होते. नऊ वाजता लाईट गेली, साडेदहाला गडी धावत आला की पाणी माथ्याला हातभर राहिलंय. आम्ही गेलो तर सांडव्याच्या भिंतीला वरून वाहून आलेला पाला आणि झुडपं अडकून जवळजवळ बूच बसलेलं. दादा टॉर्च मारून म्हणतो, उतरेल अर्ध्या तासात, भिंत फोडली तर बत्तीस हजार गेले. शपथ, बत्तीस हजार म्हणाला.

तात्या तोवर पंच्याऐंशीचे, त्यांना नातवाने पाठुंगळी घेऊन आणलं. त्यांनी वर पाहिलंच नाही, सरळ बांधाच्या पायथ्याशी न्यायला सांगितलं. तिथे दरवर्षी पाझर असतो, करंगळीएवढा, आम्ही लहानपणी तिथे पाय धुवायचो. तात्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, टॉर्चसमोर धरलं आणि म्हणाले, गढूळ आहे. एवढंच. मातीच्या धरणातून निवळ पाणी पाझरतंय तोवर फार घाबरायचं नसतं, गढूळ आलं की आतली माती निघायला लागली, आणि एकदा नळी पडली की ती मोठीच होत जाते. दादाला हे आजही पटलेलं नाही, त्याच्या मते पावसाचं पाणी गढूळ असणारच.

मी खालच्या वस्तीवर पळाले. पाच घरं उठवून वरच्या देवळात नेली, एका म्हातारीने शेळ्यांशिवाय हलायला नकार दिला म्हणून शेळ्यासुद्धा. पोरांनी पहारीने भिंत फोडली, मधून नाही, कडेने थोडी थोडी, एकदम फोडली असती तर तोच लोंढा वस्तीवर. पायथ्याच्या झऱ्यावर तात्यांनी आधी वाळू, मग बारीक खडी, मग वरून दगड टाकायला लावले. दादा मातीची पोती टाकून झरा बंद करायला निघाला होता, तात्यांनी त्याला जी शिवी दिली ती इथे लिहिता येत नाही. खालून बुजवलं की पाणी दुसरीकडून फुटतं, त्याला बाहेर पडू द्यायचं पण माती अडवायची, असं ते. पहाटे तीनला पाणी उतरायला लागलं.

दिवाळीनंतर मी ऑफिसं फिरले. एका ठिकाणी सांगितलं, आमच्या यादीत हा तलावच नाही. दुसरीकडे, खाजगी आहे तर आम्ही काय करणार. तिसऱ्या साहेबांनी चहा पाजला आणि विचारलं, मॅडम, तुम्हीच मालक ना, मग तक्रार कोणाविरुद्ध? यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

पुढे धरण सुरक्षा कायदा, २०२१ आला तेव्हा वाटलं चला, सुटलं. पण त्यात १५ मीटरपेक्षा उंच धरणं येतात, आणि १० ते १५ मीटरमधली आली तर माथ्याची लांबी ५०० मीटर किंवा साठा १० लाख घनमीटर अशा अटींपैकी एखादी बसली तरच. तुमच्या शेजाऱ्याचा बांध पंचवीस फुटी, म्हणजे पावणेआठ मीटरच्याही आत, विषय संपला. बरं सरकारी यादीतलं धरण म्हणजे सुरक्षित असंही नाही. २ जुलै २०१९ ला चिपळूणचं तिवरे फुटलं, भेंदवाडी वाहून गेली, लोक आधीपासून गळतीबद्दल सांगत होते, आणि मंत्री म्हणाले खेकड्यांनी फोडलं. खाजगी पाहायचं तर केनियातलं सोलाई, मे २०१८, शेतीमालकाचं मातीचं धरण रात्री फुटलं आणि चाळीसपेक्षा जास्त माणसं गेली.

मग तुम्ही काय करायचं? पहिलं म्हणजे जमीन त्याची असली तरी ओढ्याचा तळ सरकारी असतो (जमीन महसूल संहिता, कलम २०), तेव्हा बांधाला परवानगी होती का हे माहिती अधिकारात मागा. प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज द्या, फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १३३, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १५२, धोकादायक बांधकामाबद्दल ते आदेश काढू शकतात. एक प्रत कलेक्टरना, जिल्हा आपत्ती प्राधिकरणाचे प्रमुख म्हणून, म्हणजे उद्या कोणी माहीत नव्हतं म्हणू शकणार नाही. तारखेसकट फोटो काढत राहा: सांडव्यात काही घातलंय का, माथा कुठे बसलाय का, पायथ्याचं पाणी निवळ की गढूळ.

आणि मालकाला भेटा हो. मालक भेटायला गेल्यावर फार वाईट नसतात, मी नाहीये. दादा आहे. माझ्या जमिनीत मी काहीही करीन, हे त्याचं वाक्य मी तीस वर्षं ऐकतेय. माझी मुलगी वकिलीचं शिकते, तिने त्याला जेवताना सांगितलं की मामा, हा वाद १८६८ मध्येच निकाली निघाला, इंग्लंडात एका गिरणीवाल्याचा खाजगी तलाव शेजाऱ्याच्या खाणीत फुटला, रायलँड्स विरुद्ध फ्लेचर, चूक असो नसो, साठवलं तुम्ही तर भरपाई तुमची. दादा म्हणाला, आमटी वाढ.

एक सांगायचं राहिलं, मी इंजिनीअर नाही. वाळू-खडीचं वाचून कोणी स्वतः प्रयोग करू नका, आमच्याकडे तात्या होते. तुमच्याकडे नसतील तर पाटबंधाऱ्यातला एखादा निवृत्त माणूस शोधा, पाचेक हजार घेईल, बांध चालून बघेल. आमच्याकडे जो आला त्याने पहिल्यांदा झाडंच दाखवली. मुळं माती धरून ठेवतात हे शेताच्या बांधाला ठीक, पाणी अडवणाऱ्या भरावाला नाही, मूळ कुजलं की त्या जागी पाण्याला आयती वाट. मोठं झाड नुसतं कापूनही भागत नाही, तलाव रिकामा असताना मुळं काढून थराथराने माती दाबावी लागते.

बाकी सगळी काढली, माथ्यावरचा कडुलिंब मात्र दादा काढू देत नाही. म्हणतो आजोबांनी स्वतःच्या हाताने लावलाय, पाहुण्यांचे फोटो तिथेच निघतात. माझ्याकडे १९७४ चा फोटो आहे, आजोबा काठी टेकून बांधावर उभे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एक झुडूप नाही. दादा, हे वाचत असलास तर सांग, पाठवते. मागे तारीख आजोबांच्याच अक्षरात आहे.